बोली आणि भाषा : सर्बियन व भोजपुरी

डॅन्यूबच्या कांठीं बोलली जाणारी सर्बियन आणि गंगा-शरयूच्या संगमाभोंवतीं बोलली जाणारी भोजपुरी यांची तुलना करण्याचा विचार आम्हीं एका मित्रापाशीं बोलून दाखविला, तेव्हां त्यांनीं हंसून विचारलें, "अहो, पण या दोघींची कधीं गांठ तरी पडली आहे काय ?" प्रश्न रास्त होता. दोघींची गांठ पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तरीहि या दोघी मूळच्या एका घरच्या. शिवाय इ. स. १८०० च्या सुमारास दोघींची सामाजिक स्थिति बरीचशी सारखी होती. दोन्ही शेतकऱ्यांच्या व गुराख्यांच्या बोली. दोहोंतहि गीतांचें अपार धन. आणि दोहोंविषयीं शिकलेल्या माणसाच्या मनांत थोडी लाज. आज त्यांतील एक राज्यभाषा आहे. तिच्यांत कायदे होतात, न्यायनिवाडे होतात, विद्यापीठें चालतात. दुसरी मात्र बोलींतच मोजली जाते. हा फरक कां पडला, हें पाहणें एवढाच आमचा हेतु आहे. व्याकरणांत याचें कारण सांपडतें कीं इतिहासांत, हें वाचकांस पुढें दिसून येईलच.

प्रथम नात्याचा पुरावा पाहूं. भाषांचें नातें शोधावयाचें तर माजघरांत शिरावें, हा मार्ग बरा; कारण दरबाराचे शब्द राजवटीबरोबर बदलतात, पण नात्यागोत्याचे शब्द सहसा बदलत नाहींत. सर्बियन सून आपल्या नवऱ्याच्या आईस 'स्वेक्र्वा' म्हणते. हीच संस्कृतांतील श्वश्रू, भोजपुरींतील सास व आमची सासू. नवऱ्याच्या भावास ती 'देवेर' म्हणते. भोजपुरींत तो देवर व मराठींत दीर. सुनेस सर्बियनमध्यें 'स्नाहा' असा शब्द आहे. संस्कृत स्नुषा व मराठी सून यांशीं त्याचें साम्य उघड आहे. भोजपुरीनें मात्र हा जुना शब्द टाकून पुत्रवधूपासून झालेला 'पतोह' घेतला. दिराच्या बायकोस सर्बियनमध्यें 'येत्र्वा' म्हणतात. संस्कृत यातृ आणि आमची जाऊ ही तीच. येथेंहि भोजपुरीनें 'गोतिनी' असा निराळा शब्द स्वीकारला आहे. म्हणजे या दोन शब्दांपुरती तरी मराठी ही शेजारच्या भोजपुरीपेक्षां दूरच्या सर्बियनलाच अधिक जवळ आहे ! अंकांकडे पाहिलें तरी तोच अनुभव येतो. द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदम, ओसम, देवेत, देसेत हे सर्बियन अंक भोजपुरीच्या दू, तीन, चार, पाँच, छव, सात, आठ, नव, दस यांच्या शेजारीं मांडले, तर शाळेंतील मुलासहि नातें ओळखतां येईल.

पण साम्याच्या मोहांत पडून फसणेंहि सोपें असतें. याचें एक उदाहरण आमच्या वाचकांस विशेष जवळचें वाटेल. 'ती गेली' या अर्थीं भोजपुरी स्त्री 'गइली' म्हणते, मराठी स्त्री 'गेली' म्हणते आणि सर्बियनमध्यें क्रियापदाचें रूप 'इश्ला' असें होतें. तिन्हीकडे भूतकाळाचा 'ल'कार ! पण संस्कृतांत अशा भूतकाळाचा मागमूस नाहीं; तेथें 'गता' असेंच रूप आहे. मराठी व भोजपुरी यांचा लकार प्राकृतांतील 'इल्ल' या प्रत्ययापासून आला आणि सर्बियनचा लकार जुन्या स्लाव्ह धातुसाधितांतून आला. दोन नद्यांनीं निरनिराळ्या डोंगरांतून येऊन सारखें वळण घ्यावें, तसा हा प्रकार आहे. मराठी व भोजपुरी यांच्यापुरतें हें साम्य खरें आहे, आणि हॉर्न्ले व ग्रिअर्सन या पंडितांनीं मराठी, बंगाली व बिहारी भाषा यांना आर्य भाषांच्या 'बाहेरच्या' वर्तुळांत एकत्र बसविलें त्याच्या आधारांपैकीं तें एक होतें. पुढें सुनीतिकुमार चतर्जी यांनीं १९२६ च्या आपल्या ग्रंथांत त्या उपपत्तीवर जोरदार आक्षेप घेतले.

घर एक असलें तरी वाटण्या झाल्यावर प्रत्येकीनें आपापला संसार निराळा थाटला. सर्बियनमध्यें सात विभक्ति आजहि नामाच्या प्रत्ययांतच जिवंत आहेत, आणि आमच्याप्रमाणेंच तिच्यांत तीन लिंगें आहेत. भोजपुरीनें प्रत्ययांचें ओझें पुष्कळसें उतरवून शब्दयोगी अव्ययांवर काम भागविलें, लिंगभेदहि बराच सैल केला, आणि हिंदींतील 'ने'ची कटकट मुळींच ठेवली नाहीं. भविष्यकाळीं ती 'हम जाइब' म्हणते. त्यांतील 'ब' हा संस्कृत 'तव्य' प्रत्ययाचा वंशज. भोजपुरींत एकटा माणूसहि स्वतःस 'हम' म्हणतो. लेखणी हातीं धरतांच 'आम्ही' होणाऱ्या आमच्यासारख्यांस ही चाल आपलीशी वाटल्यास नवल नाहीं. सारांश, दोन्ही भाषा नियमबद्ध, सूक्ष्म व सर्व भाव व्यक्त करण्यास समर्थ आहेत. भोजपुरीच्या व्याकरणांत असें कांहींच उणें नाहीं कीं ज्यामुळें तिला बोली म्हणून सर्बियनच्या खालीं बसवावें.

आतां एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाकडे वळूं. सर्बियाचा प्रदेश तेव्हां तुर्की अंमलाखालीं होता. शिकलेले सर्ब बहुधा डॅन्यूबच्या उत्तरेस ऑस्ट्रियाच्या राज्यांत राहत, आणि ते जें लिहीत ती धड धर्मग्रंथांची रशियन वळणाची स्लाव्ह भाषाहि नव्हे, आणि धड घरांतील सर्बियनहि नव्हे. दोहोंचें मिश्रण करून 'स्लाव्ह-सर्बियन' म्हणून एक ग्रांथिक भाषा त्यांनीं बनविली होती. खेड्यांतील माणसास ती नीट कळत नसे. तिकडे भोजपुरी मुलुखांत कचेरीची भाषा फारसी होती, काव्याची प्रतिष्ठा व्रज व अवधी यांस होती, आणि सावकाराच्या वह्या, जमिनीचीं खतें व घरगुती पत्रें कैथी लिपींत लिहिलीं जात. दोन्हीकडे आईच्या तोंडची भाषा ही लिहिण्याची भाषा नव्हती.

सर्बियनच्या बाबतींत हें सारें बदलून टाकण्यास कारण झाला एक लंगडा गृहस्थ. वूक कराजिच याचा जन्म १७८७ सालीं त्रशिच नांवाच्या खेड्यांत झाला. १८०४ सालीं तुर्कांविरुद्ध सर्बांचें बंड झालें, त्यांत त्यानें कारकुनी केली. आणि १८१३ सालीं बंड मोडल्यावर तो व्हिएन्नास पळून गेला. तेथें कोपितार नांवाचा स्लोव्हेन पंडित स्लाव्ह ग्रंथांचा सरकारी परीक्षक होता. त्यानें या तरुणांतील गुण हेरले व त्यास कामास लाविलें. १८१४ सालीं वूकनें लोकगीतांचा एक लहानसा संग्रह व बोलीचें व्याकरण अशीं दोन पुस्तकें काढलीं. पुढच्याच वर्षीं एका मठांत बसून त्यानें फिलिप विश्निच या आंधळ्या शाहिराच्या तोंडून बंडाचे पोवाडे उतरून घेतले. १८१८ सालीं त्याचा कोश प्रसिद्ध झाला. त्यांत २६,२७० शब्द असून त्यांचे अर्थ जर्मन व लॅटिन भाषांत दिले होते. आणि ते शब्द पंडितांच्या पोथ्यांतून नव्हे, तर लोकांच्या तोंडून घेतलेले होते. ग्राम्य शब्दहि न वगळल्यामुळें सभ्य समाजांत मोठा गहजब झाला.

त्याच कोशांत त्यानें लिपीचीहि झडती घेतली. जुन्या वर्णमालेंतील ज्या अक्षरांस बोलींत उच्चारच उरला नव्हता, तीं त्यानें काढून टाकलीं. ज्या उच्चारांस अक्षर नव्हतें त्यांस तें दिलें. आणि एका ध्वनीस एकच अक्षर, या नियमानें तीस अक्षरांची मालिका सिद्ध केली. त्यांत 'य'काराचें एक अक्षर लॅटिन लिपींतून घेतलें होतें. झालें ! हा कॅथॉलिक लोकांचा हस्तक आहे, आमचा सनातन धर्म बुडविण्यास निघाला आहे, असा धर्मपीठाकडून ओरडा सुरू झाला. मुख्य धर्माधिकारी स्त्रातिमिरोविच हे त्याचे कट्टर विरोधक होते. ही गुराख्यांची भाषा आहे, हिच्यांत ग्रंथ कसले लिहावयाचे, असें विद्वान् म्हणत. १८३२ सालीं तर खुद्द सर्बियाच्या नव्या संस्थानानेंच त्याच्या लेखनपद्धतीच्या छपाईवर बंदी घातली. ज्यांच्यासाठीं खटपट करावयाची त्यांनींच दार लावून घ्यावें, हें सुधारकाचें नशीब सर्वत्र सारखेंच !

परंतु परक्यांनीं त्यास उचलून धरलें. याकोब ग्रिम यानें १८२४ सालीं त्याच्या व्याकरणाचें जर्मन भाषांतर केलें. गटेसारख्या कविश्रेष्ठानें त्या गीतांची वाखाणणी केली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जर्मन विद्वानांस त्या वेळीं 'लोक' या कल्पनेचें वेड लागलें होतें आणि लोकगीतांत राष्ट्राचा आत्मा असतो, असा त्यांचा सिद्धांत होता. त्या वाऱ्यानें वूकचें शीड भरलें. अखेर १८४७ सालीं एकाच वर्षीं चार गोष्टी घडल्या : वूकचें नव्या कराराचें भाषांतर, तरुण रादिचेविचच्या कविता, दानिचिच याचा भाषेच्या व लेखनाच्या लढ्यावरील ग्रंथ आणि न्येगोशचें महाकाव्य 'गोर्स्की वियेनात्स' हीं सर्व त्याच वर्षीं प्रसिद्ध झालीं. बोलींत वाङ्मय होतें कीं नाहीं, या वादास याहून सरळ उत्तर कोणतें द्यावयाचें ? वूक १८६४ सालीं व्हिएन्नास वारला, आणि त्याच्या मागें चार वर्षांनीं, १८६८ सालीं, सर्बियानें त्याची लेखनपद्धति पूर्णपणें मान्य केली.

हें १८६८ साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण नेमक्या त्याच सालीं भोजपुरीचाहि विद्वानांच्या दरबारांत प्रवेश झाला. चंपारणांत अंमलदारी केलेले जॉन बीम्स यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तिच्यावर एक निबंध छापला. पण त्या निबंधाच्या मथळ्यांतच तिला 'हिंदीची बोली' म्हटलें होतें. एकीस ज्या वर्षीं राज्याचा शिक्का मिळाला, त्याच वर्षीं दुसरीच्या कपाळीं बोलीची चिठ्ठी लागली. बीम्स यांचा हेतु वाईट नव्हता. त्यांचें काम मोलाचेंच आहे. त्यांच्यानंतर आलेल्या ग्रिअर्सन यांनीं तर भोजपुरीसाठीं जें केलें तें वूकच्या कामाच्या पासंगास लागेल. १८८३ पासून त्यांनीं बिहारी बोलींचीं सात व्याकरणें क्रमानें प्रसिद्ध केलीं. १८८५ सालीं बिहारच्या शेतकऱ्याच्या नांगरापासून चुलीपर्यंतचे शब्द एका जाड ग्रंथांत गोळा केले. आल्हाच्या लग्नाचा भोजपुरी पोवाडा व अनेक लोकगीतें छापलीं. आणि १९०३ सालीं भाषा-पाहणीच्या पांचव्या खंडांत भोजपुरीस हिंदीपासून निराळ्या 'बिहारी' गटांत स्थान दिलें. मग उणें कशांत पडलें ?

आमच्या मतें कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं वूक हा स्वतः त्या बोलीचा पुत्र होता. ग्रिअर्सन हे परके राज्यकर्ते होते. वूकनें जें लिहिलें तें सर्बांनीं वाचावें म्हणून. ग्रिअर्सन यांनीं जें लिहिलें तें मुख्यतः इंग्रज अंमलदारांनीं व पंडितांनीं वाचावें म्हणून. एकाच्या कोशांतून कवि निपजले, दुसऱ्याच्या कोशावर अहवाल तयार झाले.

दुसरें कारण लिपीचें. १८८१ पासून बिहारच्या कचेऱ्यांत फारसी लिपीची जागा नागरी व कैथी यांनीं घेतली. कैथी ही गांवोगांवच्या हिशेबनिसाच्या हातांत बसलेली लिपि. ग्रिअर्सन यांनीं तिच्यावर एक पुस्तकहि लिहिलें होतें. पण छापखाना, शाळा आणि हिंदीची चळवळ हीं तिन्ही नागरीच्या बाजूस होतीं. कैथी हळूहळू मागें पडली, आणि आज बिहारांतील पुष्कळ घरांत आजोबांच्या जमिनीचें खत नातवास वाचतां येत नाहीं. जेथें सर्बियननें आपली लिपि घासूनपुसून वापरांत ठेविली, तेथें भोजपुरीनें आपली गमावली.

तिसरें कारण सर्वांत मोठें, आणि त्यास दोष म्हणावें कीं त्याग म्हणावें हें सांगणें कठीण आहे. सर्बियनला तिच्याच विद्वानांनीं विरोध केला व ते हरले. भोजपुरीच्या विद्वानांनीं तिला विरोध केला नाहीं, ते दुसऱ्या घरीं कामास गेले. आधुनिक हिंदीचे आद्य पुरुष भारतेंदु हरिश्चंद्र काशीचे; प्रेमचंद काशीजवळच्या लमहीचे; हजारीप्रसाद द्विवेदी बलिया जिल्ह्यांतले; पहिले राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद सारणमधील जीरादेईचे. सारा हाच मुलूख. परकी सत्ता घालवावयाची, सर्व देशास एक वाणी द्यावयाची, या ध्येयानें या मंडळींनीं आपली बुद्धि हिंदीस वाहिली. त्या ध्येयाचा अनादर आम्ही करणार नाहीं. पण दात्याच्या घरीं काय उरलें, हेंहि कोणीं तरी पाहिलें पाहिजे.

जें उरलें तें ज्यांस हिंदीच्या ओसरीवर जागा नव्हती त्यांच्या तोंडीं उरलें. १९१४ सालीं 'सरस्वती' मासिकांत हीरा डोम यांची 'अछूत की शिकायत' ही भोजपुरी कविता छापली गेली. अस्पृश्याची फिर्याद त्याच्या स्वतःच्या बोलींत हिंदीच्या त्या प्रतिष्ठित मासिकांत यावी, ही घटना लहान नव्हे. पुढें सारणमधील भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांनीं वस्तरा बाजूस ठेवून नाटकमंडळी काढली. न्हाव्याच्या घरीं जन्मलेल्या, शिक्षण बेताचेंच झालेल्या या माणसानें 'बिदेसिया'सारखीं नाटकें रचून खेड्याखेड्यांत हजारों लोकांना रडविलें; कारण पोटासाठीं कलकत्त्यास गेलेला नवरा आणि मागें झुरणारी बायको ही त्या मुलुखांतील घरोघरचीच कथा होती. कांहीं त्याहूनहि दूर गेले. १८३४ पासून मॉरिशसला व १८७३ पासून सुरिनामला करारबद्ध मजुरांचीं जहाजें गेलीं. नवल असें कीं मायदेशीं जें झालें नाहीं तें परदेशीं झालें. सुरिनाममध्यें भोजपुरी-अवधीपासून बनलेल्या 'सरनामी'स १९८६ सालीं रोमन लिपींत अधिकृत लेखनपद्धति मिळाली, आणि मॉरिशसच्या भोजपुरी 'गीत-गवई'स २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

मग सर्बियनची कथा ही निर्भेळ यशाची आणि भोजपुरीची निर्भेळ अपयशाची म्हणावी काय ? तसें म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें लागतें. वूकनें १८४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत आपल्या बोलीसारखें बोलणारे ते सारे सर्बच, मग त्यांचा धर्म कोणताहि असो, असा दावा केला होता. भाषा एक म्हणून राष्ट्र एक, हें सूत्र ऐकावयास गोड. पण शेजाऱ्यास न विचारतां त्याचें नांव ठरविण्याचा हक्क त्यांत दडलेला आहे. १९९१ पासून युगोस्लाव्हिया फुटला, रक्ताचे पाट वाहिले, आणि जिला पूर्वीं सर्बो-क्रोएशियन म्हणत त्या एकाच बोलण्यास आज सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन व माँटेनेग्रिन अशीं चार नांवें आहेत. हे चौघे एकमेकांचें बोलणें दुभाष्याशिवाय समजतात. तिकडे एकाच्या चार भाषा झाल्या. इकडे अनेकांची एक झाली. भारताच्या २०११ च्या शिरगणतींत ५ कोटि ५ लाख लोकांनीं भोजपुरी ही आपली मातृभाषा लिहविली, पण ती संख्या हिंदीच्या सुमारें ५२ कोटि ८० लाखांत मिळविली गेली. साऱ्या सर्बियाची लोकसंख्या २०२२ च्या गणतींत सुमारें ६६ लाख भरली. मैथिलीस २००३ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत जागा मिळाली. भोजपुरी अद्यापि बाहेर आहे. भाषा कोणती व बोली कोणती हें ठरवितांना व्याकरण पुसलें जात नाहीं, संख्याहि पुसली जात नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें. मागें राज्य, छापखाना आणि स्वतःच्या घरचा वकील कोणास होता, एवढेंच पुसलें जातें.

हा प्रश्न दूरचा समजून मराठी वाचकानें पान उलटूं नये. कोंकणी ही मराठीची बोली कीं स्वतंत्र भाषा, हा वाद आमच्याच अंगणांत किती वर्षें गाजला ! १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली व १९९२ सालीं आठव्या परिशिष्टांत गेली. त्यापूर्वीं आमच्यापैकीं अनेकांनीं तिच्याविषयीं जे उद्गार काढले, ते वूकच्या विरोधकांच्या उद्गारांशीं ताडून पाहिले तर आपलें आपणांसच ओशाळें व्हावें लागेल. आणि भोजपुरी तर मुंबईच्या रस्त्यावर आम्ही रोज ऐकतों. दूधवाला, टॅक्सीवाला, इस्त्रीवाला आपल्या गांवच्या माणसाशीं जें बोलतो त्यास आम्ही सरसकट 'हिंदी' म्हणतों, आणि बहुधा अशुद्ध हिंदी म्हणतों. ती अशुद्ध हिंदी नव्हे. ती शुद्ध भोजपुरी आहे.

वूकनें आपल्या गीतांचे दोन भाग केले होते : एक वीरांचीं गीतें आणि दुसरीं बायकांचीं. पोवाड्यांमुळें त्याची कीर्ति झाली, पण बायकांचीं गीतेंहि त्यानें तितक्याच आदरानें टिपलीं. भोजपुरींत जात्यावर म्हणावयाच्या गाण्यांस 'जँतसार' म्हणतात. आमच्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, आणि साने गुरुजींनीं त्या 'स्त्रीजीवन'मध्यें गोळा केल्या नसत्या तर त्यांतील किती दळणाबरोबरच सरल्या असत्या कोण जाणे. देवेर, देवर आणि दीर हे शब्द तीन देशांच्या सुनांनीं हजारों वर्षें सांभाळले. त्यांस ना राज्याचा आश्रय होता, ना छापखान्याचा. घराबाहेरच्या व्यवहारांत त्या शब्दांस काय मान मिळाला, तो मात्र प्रत्येक ठिकाणच्या शिकलेल्या मुलांनीं ठरविला. भोजपुरीचा वूक अजून जन्मावयाचा असेल, किंवा आज एखाद्या खेड्यांत जँतसार लिहून घेत बसला असेल. त्यास मागचें उदाहरण सांपडावें, आणि त्याचबरोबर शेजाऱ्यास विचारल्याशिवाय त्याचें नांव ठरवूं नये हा मागचा धडाहि सांपडावा, एवढीच आमची इच्छा आहे.